परसातलं झाड : बकुळीची पत्रं

चैत्राच्या अंकात उन्हाळी सावलीबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की 45 डिग्रीतही जिच्या खाली बंगई बांधून दुपार काढता येते अशी सावली पाहिजे असेल तर बकुळ लावा. ओळ तेवढीच, पण पत्रं तिच्यावरच आली. संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे पाठवला आणि सांगितलं, यावेळी दुसरं काही नको, हीच उत्तरं द्या. पत्रांखाली तालुके ठेवले आहेत, नावं गाळली आहेत, कारण एकदोघींनी झाडासोबत घरातली भांडणंही लिहून पाठवली आहेत.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी वर्धा जिल्ह्यातली, हिंगणघाट तालुक्यातली. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत माती चाळायला आणि पिशव्या भरायला लागले, तिथून या धंद्यात पडले. आता सुनेसोबत स्वतःची रोपवाटिका आहे. मी वैद्य नाही, प्राध्यापकही नाही. झाडाचं विचारा, सांगते. दुखण्याचं विचाराल तर माझा धुरा, म्हणजे माझ्या वावराचा बांध, कुठे संपतो तेही सांगते.

मावशी, पाच वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एका रोपवाल्याकडून बकुळ म्हणून रोप घेतलं. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं, पानं बाराही महिने हिरवीगार, पण फुलाचं नाव नाही. सासूबाई म्हणतात झाड वांझ आहे, तोडून टाक. काय करू? (एक सून, पवनी तालुका)

सासूबाईंना म्हणावं, झाड तोडायच्या आधी एक पान तोडून बघू. पान तळहातावर ठेवा आणि टोक बघा. बकुळीच्या पानाला निमुळतं टोक असतं, कडा नागमोडी असतात आणि वरची बाजू चकचकीत. टोकाच्या जागी पान आत दबलेलं असेल, मधोमध खाच पडलेली असेल, तर तुमच्या दारात बकुळ नाही, खिरणी आहे. चिकूची कलमं खिरणीच्या खुंटावर बांधतात, त्यामुळे रोपवाटिकांत खिरणीची रोपं भरपूर असतात, आणि बाजारात बसलेल्या माणसाच्या टोपल्यात गेली की ती गिऱ्हाईक जे मागेल ते झाड होतात. पान तोडल्यावर पांढरा चीक आला म्हणून बकुळच, असं कोणी सांगेल तर ऐकू नका. बकुळ, खिरणी, चिकू आणि आपला मोह, ही सगळी एकाच कुळातली. चीक चौघांतही असतो.

खिरणी निघाली तरी कुऱ्हाड आणू नका. तीही सदाहरित, आणि तिची पिवळी बारीक फळं बकुळीपेक्षा गोड. बकुळ दुसरी लावा.

आणि खरंच बकुळ असेल तर पाच वर्षांत फूल नाही यात नवल काय? बियापासून केलेली बकुळ फुलायला सहा-सात वर्षं सहज घेते, कधी त्याहून जास्त. हे झाड सावकाश वाढतं. पहिली दोन-तीन वर्षं तर ते जागचं हलतच नाही असं वाटतं, लोक कंटाळून पाणी बंद करतात आणि मग म्हणतात बकुळ आमच्याकडे होत नाही. तुमचं डोक्याच्या वर गेलंय, म्हणजे चांगलं चाललंय.

पवनीकडची जमीन म्हणजे धानाची, कन्हार किंवा मोरांड. अशा भारी जमिनीत एक गोष्ट सांभाळावी लागते. उन्हाळ्यात पाणी साठावं म्हणून बुंध्याभोवती आळं करतो ते ठीक, पण पावसाळ्यात तेच आळं डबकं होतं आणि लहान झाडाची मान कुजते. मृग लागायच्या आधी आळं मोडा, बुंध्याशी मातीची भर द्या, म्हणजे पाणी बाहेर उतरेल. दिवाळीनंतर परत आळं करा. शेणखत वर्षातून एकदा, चांगलं कुजलेलं. युरिया टाकू नका, पानंच पानं होतील. आणि झाडाला दिवसभर ऊन मिळतं का बघा. गोठ्याच्या सावलीत असेल तर ते नुसतं उंच होत जाईल.

मावशी, माझं वय 38. कॉलेजपासून खर्रा खातो. खालचे दोन दात हलतात, ब्रश केला की रक्त येतं. गावातले एक बुवा म्हणतात, बकुळीची साल रोज चाव, दात खिळ्यासारखे बसतील. मारुतीच्या देवळामागे जुनी बकुळ आहे. साल किती आणि कुठून काढू? (एक वाचक, आर्णी तालुका)

सालीला हात लावू नका भाऊ. आधी खर्ऱ्याचं बोलू.

बुवांचं अर्धं खरं आहे. बकुळीची साल दातांसाठी वापरायची रीत फार जुनी, आयुर्वेदात ती सांगितलेलीच आहे आणि आजही कितीतरी दंतमंजनांत ती असते. साल तुरट आहे, तिच्यात टॅनिन भरपूर असतं. या टॅनिनने सुजलेली हिरडी आवळते, रक्त यायचं कमी होतं, तोंडाची घाण जाते. आमच्याकडे म्हातारी माणसं कोवळ्या काडीचं दातवण करायची, कच्चं फळ चघळायची, सालीच्या काढ्याच्या गुळण्या करायची. ते लोक काही खुळे नव्हते.

पण हिरडी आवळणं वेगळं आणि दात बसणं वेगळं. दात हलतो तो हिरडीच्या खालचं हाड झिजतं म्हणून. झिजलेलं हाड कोणत्याही सालीने परत येत नाही. अडतिसाव्या वर्षी दात हलत असतील तर साखरही तपासून घ्या, मधुमेहात हिरड्या अशाच जातात. आणि खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी, चुना, तीनही एकत्र घोटून. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा काही थांबला नाही. दातापेक्षा मला तुमच्या गालाची काळजी वाटते. आरशासमोर उभे राहा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, भाजीचं साधं तिखटही झोंबत असेल, गालाच्या आत पांढरट पट्टे दिसत असतील, तर उद्याच निघा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. यवतमाळलाही दातांचे डॉक्टर आहेत. बकुळ देवळामागेच उभी आहे, कुठे पळून जात नाही. हे दुखणं वाढत जातं.

डॉक्टरांना दाखवल्यावर, त्यांना विचारून, गुळण्या करायच्या असतील तर रीत लिहून ठेवते. छाटणीत पडलेल्या किंवा वाऱ्याने मोडलेल्या फांदीची साल घ्या, सावलीत वाळवा, खलबत्त्यात भरड करा. एक भाग भरडीला सोळा भाग पाणी, मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा, गाळा, कोमट झालं की गुळण्या करून थुंका. प्यायचं नाही. रोज ताजा करा, शिळा ठेवू नका.

आता खोडाची साल का नाही ते ऐका. झाडाची पानं जे अन्न करतात ते मुळांकडे सालीतून खाली उतरतं. खोडाभोवती साल गोल काढली की तो रस्ता तुटतो, मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं, लगेच नाही, सहा महिन्यांनी, वर्षाने. गावात एकाला गुण आला की दुसरा येतो, तो थोडी काढतो, मग तिसरा. देवळामागच्या बकुळी अशाच जातात, आणि दोष उधईवर, म्हणजे वाळवीवर, जातो.

माझा नातू बकुळीची पिकलेली फळं खातो. चालेल का? (एक आजी, काटोल तालुका)

चालेल. नारिंगी-पिवळं, पूर्ण पिकून पडलेलं फळ, धुऊन. गर पिठूळ असतो, गोड आणि मागून तुरट. जास्त खाल्लं तर घशाला चिकटतं आणि सकाळी पोट साफ होत नाही, मग तोच रडेल. बी मात्र थुंकायला शिकवा. एकच असतं सहसा, मोठं, तपकिरी, गुळगुळीत, लहान मुलाच्या घशात अडकेल असं. जुन्या बाया पोराला कुंथायला लागलं की बकुळीचं बी उगाळून वात करायच्या. ती आठवण म्हणून ठीक आहे, तुम्ही करू नका.

मामाजींचं म्हणणं आहे की बकुळीच्या वासाला साप येतात, म्हणून घराजवळ लावायची नाही. आमच्या अंगणाला लागून जागा आहे. खरं आहे का? (एक वाचक, मूल तालुका)

हेच रातराणीबद्दल सांगतात, हेच केवड्याबद्दल. साप फुलाच्या वासाने येत नाही. तो उंदराच्या आणि बेडकाच्या मागे येतो. बकुळीखाली बारा महिने थोडं थोडं पान पडतं, सावली दाट, माती ओलसर. त्यात कोणी फुटक्या विटा, कवेलू आणि पऱ्हाट्यांचा ढीग आणून टाकला तर उंदीर राहतील आणि उंदरामागे साप येईल. ढीग बाभळीखाली टाकला तरी तेच होईल.

मामाजींशी वाद घालू नका. झाड घरापासून पंधरा-वीस फुटांवर लावा, बुंध्याशी झाडझूड ठेवा, इंधनाचा ढीग दुसरीकडे हलवा. खरी काळजी पावसाळ्यातल्या मण्यारची घ्या, ती रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच कोणाला तर मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना.

मावशी, आमच्याकडे बाया पहाटे मोह वेचायला जातात. यंदा शाळेच्या आवारातली बकुळ खूप फुलली, ती पण पहाटेच पडते. मोहफूल आम्ही उन्हात वाळवतो. बकुळही तशीच वाळवायची का? आणि वास किती दिवस राहतो? (बचत गटाची एक ताई, कुरखेडा तालुका)

पत्रांमधलं मला सगळ्यात आवडलेलं हे पत्र. ज्यांनी मोह वेचला त्यांना बकुळ वेगळी शिकवायची गरज नाही. वर म्हटलं तसं दोघी एका कुळाच्या, आणि फूल टाकायची तऱ्हाही एकच. मोहाचं जे आपण वेचतो ते आख्खं फूल नसतं, पाकळ्यांचा गाभा तेवढा गळतो, देठाशी असलेला भाग झाडावरच राहतो आणि त्याची पुढे टोळ, म्हणजे मोहाचं फळ, होते. बकुळीतही पाकळ्यांचं चक्र केसरांसकट सुटून खाली येतं. तपकिरी लवेचा पेला आणि त्यातली बीजाची कुपी फांदीवर राहते.

एक फूल उचलून उजेडाकडे धरा. मधोमध आरपार भोक दिसेल. कुपी होती तिथून ते सुटलंय, त्याचं हे भोक. म्हणूनच बकुळीला सुई लागत नाही. आमच्या गावात पोरी खराट्याची काडी घेऊन बसतात, काडीवर फुलं चढवत जातात, काडी भरली की मागच्या टोकाला दोरा बांधून सगळी फुलं एका ओढीत दोऱ्यावर सरकवतात. केळीच्या सोपाचा दोरा भिजवून घेतला तर सर अजून बरा बसतो, सुताने कधी कधी फुलाचं भोक फाटतं. पाकळ्या मोजायचा नाद असेल तर मोजा. आठ पाकळ्या आणि प्रत्येकीच्या पाठीला दोन-दोन पट्ट्या, अशा 24 भरतात.

वाळवण्यात मात्र मोहाचा कित्ता गिरवू नका. मोह आपण गोडीसाठी वाळवतो, त्याला कडक ऊन पाहिजे, नाही तर तो आंबतो. बकुळ आपण वासासाठी वाळवतो आणि वास उन्हात उडतो. पहाटे, दव सुकायच्या आधी, झाडाखाली जुनं धुतलेलं लुगडं पसरून ठेवा. मातीत पडलेली फुलं झटकली तरी त्यात रेती राहते. वेचलेली फुलं घरात, वारा येईल अशा सावलीच्या जागी, एकाच थरात पसरा. दिवसातून एकदा हात फिरवा. चार-पाच दिवसांत पांढरट रंग जाऊन ती तपकिरी होतात आणि बोटांत कुरकुरतात. मग मलमलच्या फडक्यात बांधून डब्यात. ओली असताना प्लास्टिकच्या पिशवीत घातली तर दोन दिवसांत बुरशी येईल आणि सगळी मेहनत उकिरड्यावर.

वास किती दिवस? मोगरा संध्याकाळी फुलला की दुसऱ्या दिवशी पिवळा पडून नाकाजवळ धरवत नाही. बकुळीचं फूल मुळात चिवट, त्यात पाणी कमी, सुकताना ते सडत नाही. नीट वाळवलेल्या फुलांचा वास लुगड्यांच्या पेटीत वर्ष उलटलं तरी येतो, थोडा मंद होतो, थोडा मधासारखा. म्हणून तर देवालाही शिळ्या बकुळीचं वावडं नाही, आणि जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहायचं नाही हा नियम आमच्याकडे पारिजातक आणि बकुळ या दोघांना लावत नाहीत.

बचत गटाने गजरे विकायचे ठरवलं तर ताजे गजरे तालुक्याच्या बाजारापर्यंत टिकतात, सकाळचा गजरा संध्याकाळी लंगडा पडत नाही हा त्यांचा फायदा. वाळलेल्या फुलांच्या लहान पुरचुंड्या लग्नसराईत खपतील. तेलही करता येईल. तिळाच्या कोमट तेलात वाळलेली फुलं टाकून बरणी आठवडाभर ठेवा, गाळा, परत नवी फुलं टाका. हौसेने जवसाच्या तेलात टाकाल तर जवसाचाच वास जिंकेल. कनोजला अत्तरवाले बकुळीची फुलं देगेत उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, त्या अत्तराला मौलसरी म्हणतात. पण ते घरचं काम नाही. त्या नावाने आपल्याकडचे नागपूरवालेही झाड ओळखतात, रोप मागताना दोन्ही नावं सांगा.

झाड हलवून फुलं पाडू नका. पिकलेलं फूल आपसूक सुटतं, हलवलं की कच्च्या कळ्याही येतात आणि पुढच्या आठ दिवसांची फुलं एका दिवसात जातात.

बियापासून रोप करायचं आहे. तीनदा पेरलं, उगवलंच नाही. (एक विद्यार्थी, दारव्हा तालुका)

बी जुनं असेल. झाडाखालचं वाळून पडलेलं बी गोळा करू नका, पिकलेल्या फळातून काढा. गर पूर्ण धुऊन टाका, राखेत चोळा म्हणजे चिकटपणा जातो. रात्रभर पाण्यात ठेवा, तरंगणारी फेका. त्याच आठवड्यात पेरा, अर्धी माती, अर्धं शेणखत आणि थोडी रेती. बी आपल्या जाडीपेक्षा खोल गाडू नका. पिशव्या आंब्याखाली ठेवा, झारीने पाणी. मग विसरून जा. काही बी तीन आठवड्यांत वर येतं, काही दोन-अडीच महिने लावतं. पोरं महिन्याने पिशवी उकरून बघतात, तेवढ्यानेच मोड तुटतो. तुम्ही उकरून बघितलं होतं ना?

रोप दीड-दोन फुटांचं झालं की आषाढात लावा. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल, उन्हाळ्यातच खणून तापू द्या, भरताना शेणखतासोबत दोन मुठी निंबोळी पेंड, उधईसाठी. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करा आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर एक गाडगं गळ्यापर्यंत पुरून ते भरत जा. पाणी मुळाशी झिरपतं, दारव्ह्याच्या मे महिन्यातही रोप तग धरतं. शेळ्यांसाठी बोरीचे काटे.

आमच्या गावात एका कंपनीचा माणूस येऊन गेला. एकरी 400 बकुळी लावा, साल आणि फुलं आम्ही घेऊ, दहा वर्षांत लाखो रुपये, रोपाचे पैसे आधी. कपाशीत काही उरत नाही, म्हणून विचार करतो. (एक शेतकरी, मोर्शी तालुका)

कपाशीत काही उरत नाही हे मला माहीत आहे, घरी वावर आहे. पण हिशोब तुम्हीच मांडा. पैसे आधी कोणाला मिळतात? त्याला. झाड फुलणार सातव्या-आठव्या वर्षी. फूल रोज पहाटे हाताने वेचायचं, वाळलं की वजन नाही, मजुरी कोण देईल? साल घ्यायची म्हणजे झाड सोलायचं किंवा तोडायचं. लाकूड घट्ट, जड, लालसर, जुन्या घरांच्या खांबांना आणि मुसळांना वापरायचे ते, पण त्याला माणसाचा जन्म लागतो. हा माणूस दहा वर्षांनी कुठल्या गावी असेल? करारावर त्याचा पत्ता तरी आहे का? खरेदीची हमी कागदावर, भावासकट नसेल तर चहा पाजून रवाना करा.

एक-दोन बकुळी लावाच, विहिरीजवळ, ओलिताच्या कोपऱ्यात. उत्तरेच्या धुऱ्यावर लावू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, सावली उत्तरेला पडते, म्हणजे शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर. बकुळीची पानं एकदम गळत नाहीत, हिवाळ्यातही सावली दाट. धुऱ्यावरून तहसीलमध्ये चकरा मारणारे आपल्याकडे आधीच कमी आहेत का?

कालिदासाने मेघदूत रामटेकला लिहिलं आणि त्यात बकुळ आहे, मग रामटेकच्या गडावर बकुळीचं वन होतं असं समजायचं का? शाळेच्या फलकावर लिहायचं आहे. (एक शिक्षिका, रामटेक तालुका)

हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही, म्हणून आमच्या गावच्या संस्कृतच्या निवृत्त गुरुजींकडे वही घेऊन गेले. त्यांनी सांगितलं ते असं. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक हे मत संस्कृतचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी मांडलं आणि विदर्भात तेच मानतात. पण त्या काव्यातली बकुळ, केसर या नावाने आलेली, रामगिरीवर नाहीच. ती यक्षाच्या घरच्या बागेत, अलकानगरीत आहे, तांबड्या अशोकाच्या शेजारी. सुंदर बाईने तोंडातलं मद्य शिंपडलं की बकुळ फुलते असा कवींचा संकेत, त्यावर यक्ष बोलतो. तेव्हा फलकावर गडावरचं वन लिहू नका.

त्याऐवजी गुरुजींनी दुसरं सुचवलं, ते मला जास्त पटलं. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमती मरते आणि अज राजा शोक करतो. ही इंदुमती विदर्भाची राजकन्या, आपल्या मुलखाची लेक. अज तिला म्हणतो, की तुझ्या श्वासाच्या वासाची ही बकुळफुलं, आपण दोघं मिळून त्यांची मेखला ओवत होतो, ती अर्धी राहिली आणि तू झोपलीस कशी? फलकावर हे लिहा. आणि शाळेत रोप लावा, मद्य शिंपडायची गरज पडत नाही, गाडग्यातलं पाणी पुरतं.

आमच्या देवीच्या देवळासमोर शंभरेक वर्षांची बकुळ आहे. दोन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून पार बांधला, खोडाला लागून फरशी बसवली, खोडाला ऑइलपेंट दिला. आता शेंड्याकडच्या फांद्या वाळतात, यंदा फुलं निम्मीही नाहीत. औषध सांगा. (एक सरपंच, सेलू तालुका)

औषध नाही सरपंच साहेब, फरशी काढा. झाडाची मुळंही श्वास घेतात, त्यांना मातीतली हवा लागते आणि वरून झिरपणारं पाणी. सिमेंटने दोन्ही बंद झालं. शेंड्यापासून वाळायला लागणं ही त्याचीच खूण, कारण पाणी सगळ्यात शेवटी तिथे पोचतं.

वर्गणी देणाऱ्यांची समजूत कशी काढायची ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पार पूर्ण पाडा म्हणत नाही. बाहेरची बसायची कड राहू द्या, खोडापासून चारही बाजूंनी निदान चार फूट माती मोकळी करा. पारात खोडाभोवती माती भरून उंची वाढवली असेल तर तीही मूळ जमिनीच्या पातळीपर्यंत काढा, साल मातीत गाडली गेली की कुजते. मोकळ्या जागेत कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा पसरा. त्यावर दिवे लावून तेल सांडू नका, नारळाचं पाणीही दुसरीकडे. वाळलेल्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत करवतीने कापा, कुऱ्हाडीने नको. पेंट खरवडायला जाऊ नका, सालच निघेल, तो हळूहळू आपोआप सुटतो. पुढच्या नवरात्रात रंगवायचंच असेल तर चुना आणि गेरू.

काम पावसाळ्याच्या तोंडावर करा, म्हणजे पहिलं पाणी सरळ मुळाशी जाईल. आणि फरशी उचलताना खोडाजवळ सब्बल चालवू देऊ नका, जाड मुळं अगदी वरच असतात. तिथे खुरपं घ्यायला लावा, वेळ लागला तरी चालेल. पुढच्या उन्हाळ्यात दर आठवड्याला टँकरचं पाणी त्या चार फुटांत सोडा आणि नवीन पालवी कोणत्या फांद्यांना आली ते मला कळवा. ज्यांना आली नाही त्यांचं काय करायचं ते तेव्हा बघू.